पेटीवाल्याच्या घरातला दुसरा भाता : श्वास भरायच्या पिशवीचा वर्षभराचा अनुभव

आमच्या मुलाच्या कमजोर छातीत हाताने हवा भरायची एक रबरी पिशवी आम्ही वर्षभर वापरतोय. आधीच सांगून टाकतो, तिला पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच.

मी सांगलीच्या गावभागात पेट्या दुरुस्त करतो. पेट्या म्हणजे बाजाच्या, हार्मोनियम. भजनी मंडळांच्या, शाळांच्या, क्लासवाल्यांच्या. शेजारी मिरजेत सतारी आणि तानपुरे होतात, त्यांना २०२४ मध्ये जीआय मानांकनसुद्धा मिळालं. आम्हा पेटीवाल्यांना कोण विचारतो! पण भाता, हवा आणि गळती या तीन गोष्टींत माझी तीस वर्षं गेली आहेत, त्या जोरावर हे लिहितोय. डॉक्टर मी नाही. आमच्या बारक्याला, म्हणजे धाकट्या मुलाला, जे लागू पडलं ते दुसऱ्याला पडेलच असं नाही, तेव्हा वाचून थेट दुकानात जाऊ नका. आधी छातीच्या डॉक्टरांना विचारा.

बारका आता सतरा वर्षांचा आहे. त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. स्नायूंना धरून ठेवणारं डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन असतं, ते त्याच्या अंगात तयार होत नाही. त्याची खोट एक्स गुणसूत्रावर असते, म्हणून हा आजार जवळजवळ सगळा मुलांनाच होतो. पाचव्या वर्षी जिना चढताना गुडघ्यावर हात ठेवायला लागला, अकराव्या वर्षी चालणं थांबलं. पायांचं दुःख आम्ही पचवलं, खुर्ची आली, दाराला उतार केला. पण श्वास घेणं हेही स्नायूंचंच काम आहे, ही गोष्ट आमच्या घरात कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. फुप्फुस स्वतःहून काही करत नाही. ते पेटीतल्या सुरांसारखं गप्प बसलेलं असतं. हवा आणणारा भाता म्हणजे छातीखालचा पडदा आणि बरगड्यांमधले स्नायू, आणि ड्युशेनमध्ये हळूहळू तेही थकतात.

मागच्या वर्षी मेमध्ये तपासणी झाली. पूर्ण श्वास घेऊन जोरात बाहेर सोडला तर किती हवा निघते, ते यंत्रावर मोजतात. त्याला एफव्हीसी म्हणतात. त्याच्या वयाच्या मुलाला हवी त्याच्या ५८ टक्के आली. ड्युशेनच्या मुलांसाठी २०१८ मध्ये जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं निघाली, त्यांत हा आकडा साठ किंवा त्याखाली आला की फुप्फुसं बाहेरून हवा भरून फुलवायला सुरुवात करा असं म्हटलंय. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी हातात मिळाली ती तीन चेंडूंची प्लॅस्टिकची डबी.

ती डबी सगळ्यांनी बघितली असेल. ऑपरेशन झालेल्या माणसाच्या उशाला हमखास असते. नळीतून हवा ओढायची, चेंडू वर उचलायचे. पहिल्यावर ६०० लिहिलेलं, दुसऱ्यावर ९००, तिसऱ्यावर १२००. पोटाचं ऑपरेशन झालेल्या आमच्या मेहुण्याला तिचा चांगला उपयोग झाला, तेव्हा वस्तू वाईट म्हणणार नाही. पण बारका रोज सकाळी ती घेऊन बसायचा, पहिला चेंडू थरथरत वर जायचा, दुसरा जागचा हलायचा नाही, आणि दहा वेळा केल्यावर पोरगं घामाघूम. घरातले सगळे बाजूला उभे राहून, "ओढ, ओढ, अजून थोडं!" हिच्या भावाने तर दोनशे रुपये लावले दुसऱ्या चेंडूवर. आता आठवलं की लाज वाटते. ज्याच्या भात्याचं चामडंच विरलंय त्याला आम्ही जोरात हाणायला सांगत होतो.

शिवाय सल्ले. कपालभाती करा. भस्त्रिका करा. फुगे फुगवायला द्या. एका भजनी बुवांनी शंख आणून दिला, तो अजून कपाटावर आहे. सगळ्यांचा हेतू चांगला, पण ह्या सगळ्यांत एकच गृहीत होतं, की स्नायूला राबवलं की तो वाढतो. तालमीत वाढतो. सांगलीत तालमी काय कमी आहेत? इथे प्रत्येकाच्या डोक्यात जोर-बैठकाच बसलेल्या. ड्युशेनचा स्नायू मात्र फार राबवला तर उलट दुखावतो.

हे सांगितलं ते घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी. मिरजेहून स्कूटरवर येतात, वयाने लहान आहेत, मला काका म्हणतात. एका भेटीचे पाचशे रुपये. पहिला महिना आठवड्यातून दोनदा आल्या, आता महिन्यातून एकदा. पहिल्याच भेटीत त्यांनी तीन चेंडू बाजूला ठेवले आणि बारक्याला म्हणाल्या, "एक मोठा श्वास घे आणि एका दमात मोठ्याने आकडे मोज." तो एकोणीसवर थांबला. माझे वडील हुतूतू खेळायचे, दम काय असतो हे आमच्या घरात ठाऊक आहे, तरी दम असा आकड्यांत मोजता येतो हे तेव्हाच कळलं. दवाखान्यात खाटेशेजारी उभे राहूनही डॉक्टर असंच मोजून बघतात म्हणे. मग त्यांनी त्याला खोकायला सांगितलं. तो खोकला म्हणजे एखाद्याने लांबून हाक मारावी तसा.

"काका, प्रश्न श्वासापेक्षा आधी खोकल्याचा आहे," त्या म्हणाल्या. जोरात खोकायचं तर आधी छाती भरून हवा आत घ्यावी लागते, मग घशाचं दार मिटून दाब वाढवायचा आणि एकदम सोडायचं. हवाच कमी आत गेली तर सुटणार काय? अशा माणसाला साधी सर्दीसुद्धा छातीत उतरते, कारण कफ वर येत नाही. त्यांनी दम्याच्या लोकांचं पीक फ्लो मीटर मास्कला जोडून त्याच्या खोकल्याचा वेग मोजला. मिनिटाला २१० लिटर. धडधाकट मोठ्या माणसाचा ३६० च्या वर असतो. २७० च्या खाली आला की खोकायला मदत द्यायची, आणि १६० च्या खाली गेला तर कफ निघतच नाही असं समजायचं.

आणि मग त्यांनी पिशवीतून पिशवी काढली.

दवाखान्यात तिला सगळे अँबूच म्हणतात, कंपनी कुठलीही असो. बेशुद्ध माणसाला श्वास देतात ती रबरी पिशवी, सिनेमात सगळ्यांनी पाहिलेली. तिच्या तोंडाला एक वेगळी एकमार्गी झडप, पुढे घड्या घड्यांची नळी, टोकाला तोंडात धरायची चपटी नळी. नाकाला चिमटा. संपला संच. मी तो हातात घेतला, दोनदा दाबला आणि मला हसूच आलं. अहो, ही तर पेटी!

ज्यांनी पेटी उघडून बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेटीत भाते दोन असतात. मागचा आपण हाताने हलवतो, आणि एक आत, पोटात लपलेला. बाहेरचा भाता मिटला की हवा आत जाते, पण बाहेरचा पुन्हा उघडताना ती परत येत नाही, कारण मध्ये चामड्याची झडप आहे. म्हणून चार हात मारले की आतला भाता टम्म भरतो. एका हाताने जेवढी हवा मावणार नाही तेवढी चार हातांत साठते. बारक्याच्या छातीत नेमकं हेच करायचं असतं. त्याने स्वतः जमेल तेवढा श्वास घ्यायचा, त्यावर मी पिशवी दाबून एक थर चढवायचा, तो सोडायचा नाही, त्यावर दुसरा, तिसरा. एकावर एक. इंग्रजीत ब्रेथ स्टॅकिंग म्हणतात, आमच्या घरी "थर लावणे". दहीहंडीवरून बारक्याने ठेवलेलं नाव.

आता खरेदी. तारा इथे कापला गेला. परदेशात म्हणे हा संच एका डब्यात जोडलेला मिळतो. आपल्याकडे मला जुळवावा लागला. सिव्हिल परिसरातल्या एका सर्जिकल दुकानात गेलो, मुलासाठी पाहिजे म्हणालो, त्यांनी लहान मुलांची पिशवी दिली. बाराशे रुपये. घरी आणून लावली तर पहिला थर चढला, दुसरा चढला, तिसऱ्याला मानेपाशी फुस्स. गळती म्हटल्यावर माझे हात शिवशिवायला लागले. चामड्याचा तुकडा कापला, फेव्हिकॉल उघडला, आणि नशिबाने तेवढ्यात मॅडमचा फोन आला. "काका, थांबा! ती गळती नाही, ती मुद्दाम ठेवलीय." लहान मुलांच्या पिशवीला दाब पाण्याच्या चाळीस सेंटिमीटरपर्यंत गेला की आपोआप हवा सोडणारी झडप असते, कोवळी फुप्फुसं फाटू नयेत म्हणून. तीस वर्षं गळत्या बुजवणाऱ्या माणसाला हे शिकायला मिळालं, की सुटणारी प्रत्येक हवा गळती नसते. शिवाय त्या पिशवीत हवा जेमतेम अर्धा लिटर. बारक्याच्या उंचीला मोठ्यांचीच लागणार होती, दीड लिटरवाली, आणि ती वापरताना दाब किती द्यायचा हे हाताने शिकावं लागणार होतं. दुकानदाराने लहान पिशवी परत घेतली नाही. "उघडलेला माल आहे साहेब." ती पडून आहे.

मोठी पिशवी सिलिकॉनची घेतली, १,८५० रुपये. साध्या पीव्हीसीची निम्म्या किमतीत येते. माझं मत विचाराल तर सिलिकॉनच घ्या. दाबून सोडली की सिलिकॉन लगेच फुगून पूर्ववत होतं, पीव्हीसी आळसावतं. दोन थरांमध्ये पोरगं श्वास धरून बसलेलं असतं, तेव्हा पिशवी फुगायची वाट बघणं परवडत नाही. एकमार्गी झडप सांगलीत मिळालीच नाही, मॅडमनी मागवून दिली, चारशे. नळी आणि तोंडातला तुकडा मिळून अडीचशे, नाकाचा चिमटा चाळीस. डब्यात ऑक्सिजनची नळी आणि एक मोठी पारदर्शक थैलीही येते, तिचा इथे काही उपयोग नाही, माळ्यावर टाका. डब्यातला कागद इंग्रजीत, आणि तोही बेशुद्ध माणसासाठी. आपल्या कामाबद्दल एक अक्षर नाही.

पिशवी बारक्याला लावायच्या आधी मॅडमनी ती मला लावली. मग हिला. म्हणाल्या, ज्याला घ्यायचंय त्याला काय वाटतं ते दाबणाऱ्याला कळलं पाहिजे. पहिला थर बरा वाटला. दुसऱ्याला दुसराच कुणीतरी आपल्या छातीत श्वास घेतोय असं वाटलं. तिसऱ्याला बरगड्या ताणल्या, खांदे वर आले, आणि मी घाबरून नळी थुंकली. बारका हसून हसून लाल झाला. हे ज्याने त्याने एकदा करून बघावंच, नाहीतर हात जड राहतो.

आमची पद्धत अशी बसली. सकाळी दात घासल्यावर आणि संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला, म्हणजे दोन्ही वेळा पोट रिकामं. खुर्चीत ताठ, पाठीला उशी, मान सरळ. नाकाला चिमटा, नळीवर ओठ घट्ट. त्याने श्वास घेतला की त्याच्या श्वासाबरोबरच दाबायचं, त्याच्या आधी नाही आणि नंतरही नाही. हा ठेका जमायला मला आठवडा गेला. मला, ज्याने शेकडो पेट्यांचे भाते हलवले! फरक एवढाच की पेटीला आपण लय देतो आणि इथे लय त्याची. तीन ते पाच थर. भरलं की तो भुवया वर करतो, मग मी थांबतो. छाती ताणल्यासारखी वाटली पाहिजे, दुखता कामा नये. तीन-चार सेकंद धरायचं, नळी बाहेर, आणि सोडून द्यायचं किंवा खोकायचं. असं चार वेळा, मध्ये विश्रांती. सगळं मिळून दहा मिनिटं. चक्कर आल्यासारखं झालं तर लगेच बंद.

पोट रिकामं हे मी उगाच सांगत नाही. श्रावणात एका रविवारी सकाळचं राहून गेलं म्हणून मिसळ खाल्ल्यावर अर्ध्या तासात बसवला. दुसऱ्या फेरीला मिसळ परत आली, नळीसकट. खरं तर ते नुसतं घाण नव्हतं, धोक्याचं होतं. उलटी श्वासनलिकेत गेली असती तर कफ काढता काढता आम्ही न्यूमोनिया आणला असता. तेव्हापासून जेवणानंतर दोन तास पिशवीला हात लावत नाही.

दुसरी चूक शुद्ध माझी. आठवड्यातून एकदा सगळे भाग सुटे करून कोमट पाण्यात साबणाने धुतो, झटकतो, सावलीत वाळवतो. एकदा जोडताना एकमार्गी झडप उलटी बसवली. दाबतोय तर पिशवी दगडासारखी. मी आणखी जोर लावला. बारक्याने नळी काढली आणि म्हणाला, "पप्पा, झडप उलटी बसलीय. पेटीवाले ना तुम्ही?" आता झडपेवर नेलपॉलिशने बाण काढलाय. हिच्या नेलपॉलिशने, आणि त्याचीही वेगळी बोलणी खाल्ली.

उपयोग झाला का? पहिल्याच महिन्यात खोकला मोजला. स्वतःचा २१०. थर लावल्यावर २६५. आणि थर लावून, तो खोकतो नेमक्या त्या क्षणी हिने त्याच्या बरगड्यांखाली पोटावर दोन्ही तळवे ठेवून आत आणि वर दाबलं, तर ३००. हे पोट दाबायचं तंत्र शिकण्यासारखं आहे, त्याला एक रुपया लागत नाही, फक्त वेळ साधता आली पाहिजे. आकडे मोजण्यात एकोणिसाचे थर लावल्यावर एकतीस झाले. तो खुशीत होता. त्याचा आवाजही थर लावल्यावर थोडा वेळ भरदार येतो, मग तो मुद्दाम गल्लीतल्या मित्राला फोन करतो.

खरी परीक्षा जुलैत झाली. सर्दी, ताप, मग छातीत घरघर. एका दवाखान्यात नेलं, तिथे बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा ९२ दिसल्यावर नाकाला ऑक्सिजन लावून झोपवून टाकलं. आकडा ९८ झाला आणि सगळे निवांत. पण पोरगं गुंगीत जायला लागलं, डोकं दुखतंय म्हणायला लागलं. मॅडमना फोन केला, त्यांनी छातीच्या डॉक्टरांशी बोलणं करून दिलं. त्यांनी समजावलं ते मी पेटीवाल्याच्या भाषेत सांगतो. हवा खराब नव्हती, भाता बसला होता. ऑक्सिजनने आकडा सुंदर दिसतो, पण भाता हलत नसेल तर आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, तो साठतो, आणि ते बोटावरचं यंत्र दाखवत नाही. अशा आजारात आधी श्वासाला मदत द्यायची, बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र) लावायचं, आणि ऑक्सिजन लागलाच तर त्याच्या जोडीने. रक्ताची तपासणी करून त्यांनी चार रात्री बायपॅप ठेवलं. दिवसा दर दोन तासांनी आम्ही थर लावत होतो, हिने पोट दाबायचं, आणि कफ गोळ्यांनी निघत होता. सहाव्या दिवशी घरी. डॉक्टरांनी तेव्हापासून एक नेम घालून दिलाय. रोज सकाळी त्याला विचारायचं, डोकं दुखतं का, रात्री दचकून उठलास का, वर्गात झोप येते का. ही लक्षणं वाढली की रात्रीचं बायपॅप कायमचं घरी आणायचं. अजून ती वेळ आलेली नाही.

त्या दवाखान्यातल्या लोकांवर माझा राग नाही. त्यांनी वाईट काही केलं नाही, जे रोज करतात ते केलं. पण ज्यांच्या घरी असा आजार आहे त्यांनी हे एका कागदावर लिहून आधार कार्डाबरोबर ठेवावं. आम्ही ठेवलंय.

आता खोकल्याचं मोठं यंत्रही असतं. मास्कमधून हवा भरतं आणि लगेच तेवढ्याच जोराने ओढून घेतं, उलटा-सुलटा दाब चाळीस-चाळीस सेंटिमीटरपर्यंत. एकदा कोल्हापुरात ते चालवून दाखवताना पाहिलं, बारक्याला आवडलंही. किंमत लाखांत. आमच्या आवाक्यात नाही, आणि आकडे अजून पिशवीवर भागतंय असं सांगतात.

एक गोष्ट मॅडमनी लपवली नाही म्हणून मीही लपवत नाही. कॅनडात ड्युशेनच्या ६६ मुलांवर दोन वर्षं हा प्रयोग झाला. काहींना रोज दोनदा पिशवी, बाकीच्यांना फक्त नेहमीचे उपचार. दोन वर्षांनी एफव्हीसी उतरण्याचा वेग दोन्हींकडे सारखाच निघाला. त्यांतल्या बऱ्याच मुलांची फुप्फुसं सुरुवातीला चांगली होती, त्यामुळे आमच्यासारख्यांना ते किती लागू ते वेगळं, पण आकडा तो आकडा. ऐकून मी दोन दिवस गप्प होतो. मग म्हटलं, ठीक आहे. चामडं विरायचं थांबवायला मी ही पिशवी घेतलीच नव्हती, निदान आता घेतली नाही असं म्हणतो. बारक्याची एफव्हीसीसुद्धा वर्षात ५८ वरून ५४ झालीच. खोकला मात्र स्वतःचा १९५ असताना पिशवी आणि हातांनी २९० ला पोहोचतो. जुलैतला कफ त्या २९० ने काढला.

मॅडमनी बेडूक-श्वासही शिकवायला घेतलाय. पिशवीशिवाय, गालांनी आणि जिभेने हवेचे घोट घेऊन फुप्फुसात ढकलायचे. पोलिओच्या रुग्णांमध्ये ही युक्ती दिसली आणि १९५१ मध्ये क्लॅरेन्स डेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी त्यावर लिहिलं. बारक्याला चार घोट जमतात, मग हसू फुटतं आणि सगळी हवा जाते. पोलिओच्याच गोष्टी ऐकायला मला आवडतात. १९५२ मध्ये कोपनहेगनला साथ आली तेव्हा श्वास थांबलेल्या रुग्णांना जगवायला वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून खाटेशेजारी बसले आणि दिवसरात्र हाताने पिशव्या दाबत राहिले. दाबून सोडली की आपोआप फुगणारी पिशवी त्यानंतर, १९५६ मध्ये आली. दहा मिनिटांत माझं मनगट भरून येतं तेव्हा मी त्या पोरांचा विचार करतो.

हाताने चालते, हा तिचा सांगलीकरांना कळेल असा गुण. २०१९ ला आणि २०२१ ला गावभागात पाणी शिरलं, वीज गेली, ते आठवतं. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ ला धोका, आम्ही चाळिशीलाच सामान वर न्यायला लागतो. पेट्या वर नेतो, आणि आता सगळ्यात आधी ही पिशवी. ओली झाली तरी धुऊन, वाळवून चालते. उद्या बायपॅप घरी आलं तर इन्व्हर्टरचा विचार करावा लागेल, पिशवीला त्याची गरज नाही.

कुणी वापरू नये ते मॅडमनी पहिल्या दिवशी लिहून दिलं होतं. फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा शिरलेली असेल किंवा आधी कधी तसं झालं असेल, फुप्फुसात हवेचे मोठे फुगे असतील, खोकल्यातून रक्त येत असेल, तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. मोटर न्यूरॉन आजारात (स्नायू हलवणाऱ्या नसा निकामी होतात तो) ज्यांचा घसा आणि जीभ आधी कमजोर होतात, त्यांचे ओठ आणि घसा हवा धरू शकत नाहीत, मग तोंडातल्या नळीऐवजी मास्क लागतो आणि शिकवायला माणूस जास्त अनुभवी लागतो. आमच्या ओळखीच्या एका शिक्षकांना तो आजार आहे, त्यांना मास्कनेही अर्धेमुर्धेच थर लागतात.

संध्याकाळचे थर झाले की बारका पेटीवर बसतो. बोटं अजून चांगली चालतात, पण भाता ओढायला दंडात जोर नाही, म्हणून तो पट्ट्यांवर आणि मी समोर बसून भात्यावर. हल्ली भूप चाललाय. कुणी गिऱ्हाईक आलं तर मी उठतो, आणि सूर मध्येच विरतो, तेव्हा तो ओरडतो.

एक शेवटची सूचना, आणि ही खरंच महत्त्वाची. एकमार्गी झडप लावलेली ही पिशवी बेशुद्ध पडलेल्या माणसाला श्वास द्यायला कधीही वापरायची नाही. हवा आत जाईल, पण तिला बाहेर यायला वाट नाही. आमचा बारका शुद्धीवर असतो, नळी तोंडातून काढतो, म्हणून चालतं. घरात चार माणसं येतात-जातात, घाईत कुणी उचलून कुणाला लावली तर? म्हणून बारक्याने लाल ऑइलपेंटने पिशवीवर स्वतः लिहिलंय, अक्षर तिरकं आहे पण वाचता येतं : "हा भाता फक्त जाग्या माणसाचा." खाली बारीक अक्षरात, "मिसळीनंतर बंद."